पाला कडू लागला तरी

मला जे चावलं ते माझ्या दोन चपला एकापुढे एक ठेवल्या तर त्याहून लांब नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण दवाखान्यात भेटायला आलेल्या प्रत्येकाने पहिल्यांदा लांबीच विचारली. मी खरं ते सांगितलं की त्यांचे चेहरे उतरायचे. एवढ्या लांबून एसटीने येऊन त्यांना किमान पाच हात नाग अपेक्षित होता.

ते फुरसं होतं. आमच्या माळावर दगडाखाली, बोरीच्या मुळाशी, गोवऱ्यांच्या ढिगात असतं. रंग मुरमाचाच. डिवचलं की अंगाची वळी करून अंगावर अंग घासतं आणि तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा आवाज करतं. याहून जास्त माहिती मी देणार नाही. ती पुस्तकांत आहे. पुस्तकातली माहिती माझ्याकडे आधीपासून होती आणि तिचा मी काय उपयोग केला, तेच पुढे लिहायचं आहे.

शाळेतले एक सहकारी म्हणाले, "लिहून ठेवा सर, लोकांच्या उपयोगी पडेल." लोकांच्या उपयोगी पडण्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तरी लिहितो.

हमीदभाई

शिरूर तालुक्याच्या दौंडकडच्या टोकाला, इनामगावापासून थोडं अलीकडे आमचं गाव. खाली घोड नदी, काठाने ऊस, आणि वर चढून गेलं की नुसता माळ. चार-पाच पिढ्या आमचं घर याच गावात आहे. मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवतो. लग्न केलं नाही. थोरला भाऊ हमीदभाई, त्यांच्या पत्नी जैबुनभाभी, आमची म्हातारी अम्मा आणि मी, नजीर, असे चौघं एका घरात राहत होतो.

भाईंनी माळावरची चार एकर जमीन घेतली होती आणि तिच्यातले दगड वेचून ते बांधाला ताल, म्हणजे दगडांचा आडवा बांध, घालत होते. एका सकाळी दगड उचलताना त्यांच्या अंगठ्याला फुरसं चावलं. त्यांनी ते दगडानेच ठेचलं आणि हाताला फडकं गुंडाळून घरी आले.

पाच मिनिटांत किसनआप्पा हजर. आप्पा आमचे शेजारी, मोठे बागायतदार, सोसायटीचे माजी चेअरमन. गावात कुणाच्या पोटात दुखलं तरी पहिला निकाल आप्पांचा. ते येताना कडुनिंबाची डहाळी घेऊनच आले. आमच्याकडची रीत अशी की चावलेल्या माणसाला कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. गोड लागला तर विष चढलं. कडू लागला तर काळजी नाही.

"चाव हमीद. नीट चाव. कसा लागतोय?"

"कडूजहर हाय की, आप्पा."

"मग झालं तर. कोरडा चावा हाय. हळद लाव आन् गप पड."

अंगणात दहा-पंधरा माणसं होती. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. फुरशाच्या विषाचा आणि जिभेच्या चवीचा काही संबंध नाही, ते रक्तात काम करतं आणि सावकाश करतं, हे मी वाचलेलं होतं. त्या अडाणी परीक्षेला मी मनातल्या मनात हसलो. आणि गप्प बसलो.

गप्प का बसलो, याची कारणं मी पुढे वर्षभर शोधली. आप्पांपुढे बोलणं बरं दिसलं नसतं. लोक म्हणाले असते, मास्तर पुस्तकं वाचून शहाणा झाला. आणि खरं कारण हे की पाला कडू लागला हे ऐकून मलाही बरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी भाईंच्या हिरड्यांतून रक्त आलं. आप्पा म्हणाले, उष्णता आहे, ताक प्या. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं डोकं दुखायला लागलं, मग उलट्या. दौंडला नेलं तेव्हा उशीर झाला होता. दुपारी ते गेले.

मातीला सगळा गाव आला. आप्पा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आयुष्यच तेवढं होतं, मास्तर." त्या हाताचा मला आला तेवढा तिटकारा आयुष्यात कशाचा आला नाही. मी तेव्हाही काही बोललो नाही.

माझी पाळी

नंतरच्या वर्षी, ऑक्टोबरचं ऊन पडायला लागलं होतं तेव्हा, एका रविवारी सकाळी मी माळावर गेलो. मला जुन्या खापरांचा नाद आहे. इनामगावच्या पांढरीच्या टेकाडात फार जुनी वस्ती निघाली तेव्हापासून आमच्या बाजूलाही काही सापडेल या आशेवर मी हिंडत असतो. आजवर फुटक्या कौलांखेरीज काही सापडलेलं नाही.

एका खडकाच्या सावलीतून तो आवाज आला. मी थांबलो. इथवर ठीक होतं. थांबून मागे सरकायचं आणि घरी जायचं, बस. पण मी वाचणारा माणूस. हा आवाज अंग घासून येतो की तोंडाने, ते मला जवळून पाहायचं होतं. माझ्या भावाला मारणाऱ्या जातीचा प्राणी समोर होता आणि मी चष्मा सारखा करून वाकलो. पायात चपला. त्याने डाव्या घोट्याखाली तोंड मारलं आणि पुन्हा वळी करून बसला. बोरीचा काटा लागावा एवढंच दुखलं.

गावातल्या लोकांना मी वर्षभर मनातल्या मनात मूर्ख म्हणत होतो. तिथे खडकावर बसल्यावर त्या यादीत कुणाचं नाव पहिलं घालायचं, याबद्दल मला शंका राहिली नाही.

घर पाऊण तासाच्या अंतरावर. चालू नये हे माहीत होतं, पण माळावर त्या वेळी चिटपाखरू नव्हतं. सावकाश चालत आलो. घोटा तोवर सुजून भाकरीसारखा झाला होता. भाभी अंगणात भांडी घासत होत्या. त्यांनी पायाकडे पाहिलं आणि हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"काय चावलं?"

"फुरसं."

रस्त्यावर जाऊन त्यांनी आप्पांच्या जीपसाठी हाक मारली, कारण गावात गाडी तेवढीच. आप्पा आले. एका हातात सुतळी, एका हातात कडुनिंबाची डहाळी. मागे पुन्हा तीच दहा-पंधरा माणसं. मला वाटलं मी भाईंच्या जागी बसलोय आणि चौकटीला टेकून कुणी तरी मनात हसतंय.

आप्पांनी गुडघ्याखाली सुतळी इतकी आवळली की पाय जांभळा झाला. मग पाला माझ्या तोंडापुढे धरला.

"चावा मास्तर."

मी तोंड उघडण्याआधी भाभींनी डहाळी त्यांच्या हातातून काढून घेतली. भाभी निमोण्याच्या. बोलतात कमी, पण बोलल्या की सरळ.

"आप्पा, ह्या पाल्यावर आमच्यातला एक मानूस गेला. ह्यो शेळीला टाकते. तुमी जीप काढा."

"अगं जैबुन, रीत हाय. पाच मिन्टाचं काम."

"रीत ऱ्हाऊ द्या. जीप काढता का मी ट्रॅक्टर बघू?"

आप्पांच्या तोंडावर एवढ्या माणसांत असं कुणी बोललं नव्हतं. ते जीपकडे गेले. भाभींनी विळीने सुतळी कापली आणि जीपमध्ये माझ्या शेजारी येऊन बसल्या.

दोन थांबे

इथे आमच्या गावचा चांगुलपणा नोंदवायला हवा, कारण त्यानेच माझा जीव जाणार होता.

फाट्यावर पीर आहे. आप्पांनी तिथे जीप उभी केली. "तुमच्यातलं ठिकाण हाय मास्तर. टेकून जाऊ. न्हाई तर लोक म्हणतील, आप्पानं मुसलमानाला पिराला दाखवलं न्हाई." मुजावर घरी न्याहारीला गेला होता. त्याला बोलवायला माणूस गेला. मुजावर आला, हात धुतले, ऊद पेटवला, अंगारा दिला. वीस मिनिटं. पुढे कोसावर भैरोबा. तिथे आप्पा स्वतः उतरले, कारण पिराला टेकलो आणि देवाला टेकलो नाही हे बरं दिसत नाही. त्यांनी माझ्या वतीने पाच फेऱ्या मारल्या. अगदी भक्तिभावाने, सावकाश चालत होते. मी जीपमध्ये बसून त्यांच्या फेऱ्या मोजत होतो आणि जिभेने हिरड्या चाचपत होतो. तिसऱ्या फेरीला तोंडात खारट चव आली.

भाभींना मी काही सांगितलं नाही. ओठ मिटून घेतले. पण थुंकी गिळताना त्यांनी पाहिलं असावं. त्या खाली उतरल्या आणि थेट जीपच्या पुढच्या सीटवर जाऊन हॉर्नवर हात ठेवला. आप्पा येईपर्यंत उचलला नाही. भैरोबाचा पुजारी बाहेर येऊन बघायला लागला.

काचेची बाटली

दौंडच्या ज्या दवाखान्यात मला नेलं तिथल्या डॉक्टरबाई वयाने माझ्याहून लहान होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर सौजन्य अजिबात नव्हतं. त्यांनी पहिला प्रश्न लांबीचा विचारला नाही.

"किती वाजता चावलं?"

"साडेसात."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेअकरा झाले होते. "कुठून आलात?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"तिथून तासाभराचा रस्ता आहे. बाकीचे सव्वादोन तास काय करत होतात?"

भाभी म्हणाल्या, "देवाला टेकत होतो."

"काय शिकलात तुम्ही?" बाईंनी मला विचारलं.

"एम. ए. बी. एड."

"छान," त्या म्हणाल्या आणि सुई भरायला लागल्या. तो 'छान' मला सुईपेक्षा जास्त लागला.

ज्यांच्यावर हे येईल त्यांच्यासाठी तिथली रीत सांगतो. हाताच्या शिरेतून थोडं रक्त काढतात आणि काचेच्या छोट्या स्वच्छ बाटलीत ठेवतात. हलवायचं नाही. वीस मिनिटांनी बाटली तिरकी करतात. चांगल्या माणसाचं रक्त तोवर दह्यासारखं बसलेलं असतं. माझं कोकमच्या सरबतासारखं इकडून तिकडे वाहिलं. मग सलाईनमधून सापाच्या विषावरचं औषध दिलं. औषध सुरू झाल्यावर अंगाला खाज सुटते, थंडी भरते, दात वाजतात. घाबरू नये, पण लगेच सांगावं. मी शहाणपणाने सांगितलं नाही, सोसत राहिलो, त्यावर बाईंकडून आणखी एक 'छान' मिळाला. सहा तासांनी पुन्हा बाटली, पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा सरबत.

या बाटलीची भीती मी नीट सांगू शकणार नाही. पाय सुजतो, त्वचा फुटते, लघवी लाल होते, हे सगळं दिसतं आणि दिसणाऱ्या गोष्टीशी माणूस जुळवून घेतो. पण डोक्यात कुठे बारीक नस फुटली आहे की नाही हे दिसत नाही. भाईंची तीच फुटली होती. मी दर तासाला स्वतःला विचारत होतो, डोकं दुखतंय का? विचारून विचारून ते दुखायला लागलं. मग हे दुखणं विचारण्याचं की भाईंचं, हे कळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिसरी बाटली. तीही वाहिली.

भेटायला आलेली माणसं

आजाऱ्याला भेटायला जाणाऱ्या लोकांसाठी सरकारने एखादी परीक्षा ठेवावी असं माझं मत त्या वॉर्डात पक्कं झालं.

एक जण म्हणाला, "मारलं का न्हाई? न मारता सोडलं म्हंजी ते घर बघून ठेवतं." दुसऱ्याने त्याला दुरुस्त केलं, "ह्यांच्या भावानं जोडीतलं एक मारलं हुतं, दुसरं वर्षभर वाट बघत बसलं." माझ्या खाटेच्या दोन्ही अंगाला उभं राहून त्यांनी या विषयावर माझ्या अंगावरून वाद घातला. आमच्या शाळेचे शिपाई संत्री घेऊन आले आणि हिरड्यांतून रक्त येतंय म्हणून स्वतःच सोलून खाल्ली. माझ्या चाचांनी नगरच्या बाजूच्या एका माणसाकडून विष उतरवून घ्यायचं ठरवलं होतं. तो म्हणे नुसता फोनवर विष उतरवतो. त्यांनी समोरच्या एसटीडी बूथवर नंबर लावूनही ठेवला होता. मला म्हणाले, "फक्त समोरच्या बूथपर्यंत चल, तो फोनवर मंत्र टाकतो."

"चाचा, तिकडून मंत्र वायरीतून येणार?"

"तुला इतिहास येतो. वायरीतलं काय कळतंय?"



आप्पाही आले. खाटेच्या पायथ्याशी बसले, टोपी मांडीवर ठेवली. "मी फेऱ्या मारल्या म्हणून इथवर आलात, मास्तर." मी भिंतीकडे तोंड केलं. वाक्य तोंडात तयार होतं. तुमच्या पाल्याने माझा भाऊ मारला. पण बोलायला गेलो तर तोंडात रक्त होतं, आणि ते आप्पांपुढे थुंकायचं नव्हतं.

ते गेल्यावर भाभींनी पंख्याच्या वाऱ्याने उडणारी चादर माझ्या पायाखाली खोचली. वर्षभर आमच्या घरात कामापुरतं बोलणं होतं. जेवण वाढलंय. अम्माची गोळी आणा. त्या दिवशी त्या चादरीकडे बघतच बोलल्या.

"तुमाला म्हाईत होतं का? पाल्याचं काय खरं नसतं ते?"

"होय."

"तवा पन?"

"तेव्हापण."

त्यांनी चादरीचं दुसरं टोक खोचलं. मग म्हणाल्या, "चावल्यावर मी तुमच्या भाईंना म्हनले, दौंडला जाऊ. तर म्हनले, नजीर हितंच उभा हाय. येवढा शिकलेला गप हाय, म्हंजी काळजीचं न्हाई."

आजारपणात माणूस रडतो, असं मी वाचलं होतं. मला रडू आलं नाही. मला फक्त हे कळलं की आप्पांचा पाला एकट्याने पुरा पडला नव्हता. त्याला माझ्या गप्प बसण्याची जोड लागली होती.

"तुम्ही मला का आणलंत मग इथे?" मी विचारलं.

"अम्माला दोन-दोन कुठं झेपायचे," त्या म्हणाल्या आणि डबा धुवायला गेल्या.

चौथी बाटली त्या दिवशी दुपारी लावली. मी बघत नव्हतो. डॉक्टरबाईंनी ती माझ्या डोळ्यांपुढे धरली, तिरकी केली, मग सरळ उलटीच केली. रक्त तळाला चिकटून बसलं होतं. थेंब पडला नाही. बाईंनी ती भाभींनाही उलटी करून दाखवली. झाडलोट करणाऱ्या मावशी केरसुणी धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बसलं बाई एकदाचं." आजवर मला मिळालेल्या सगळ्या प्रशस्तिपत्रांत हे मला जास्त आवडलं.

माझा हात

सातव्या दिवशी घरी आलो. पायाची कातडी जाऊन नवी यायला अडीच महिने लागले. थंडीत तो घोटा अजून दुखतो. आजार इथे संपायला हवा होता. पण आमच्या भागात एक समजूत आहे. जो फुरसं चावून वाचला, त्याच्या हातात उतारा येतो. तो ज्याच्या डोक्यावर हात ठेवेल त्याचं विष उतरतं.

पहिला पेशंट बैल होता. मालक म्हणाला, "मास्तर, नुसता हात लावा, बाकी आमी बघतो." मी त्याला हाकलून दिलं. बैल आपोआप बरा झाला आणि लोकांनी ठरवलं की मी दारातून नुसती नजर टाकली तरी काम होतं. त्यात मी मुसलमान, आणि पिरालाही टेकून आलेला, भैरोबालाही. दोन्हीकडची ताकद एका हातात.

मी शाळेत सभा घेतली. कार्डशीटवर तक्ते काढले. सुतळी आवळू नका, कापू नका, पाला चावू नका, हात-पाय हलवू न देता गाडीत घाला आणि तडक दवाखाना गाठा. चांगली शंभरेक माणसं आली होती. माना डोलावत होती. सभा संपल्यावर एका बाईने पोर पुढे केलं, "रातचं दचकतंय. तेवढा हात ठेवता का?"

त्या दिवशी मी तक्ते गुंडाळून कपाटावर टाकले.

एक तास दहा मिनिटं

दोन वर्षांनी, भर दुपारी, आप्पांची जीप आमच्या दारात थांबली. मागे त्यांची धाकटी सून सुरेखा, हाताला ओलं फडकं. गोवऱ्या काढताना बोटाला फुरसं चावलं होतं. नवरा सणसवाडीला कंपनीत, पहिल्या पाळीला. सुरेखा माझी विद्यार्थिनी. बारावीनंतर तिचं लग्न लावून टाकलं होतं. ती बोट सरळ धरून, अजिबात न हलता बसली होती.

आप्पा खाली उतरले. या वेळी पहिल्यांदाच त्यांच्या हातात डहाळी नव्हती.

"मास्तर, हात ठेवा."

"आधी दौंडला न्या."

"दवाखाना काय पळून चाललाय? आधी हात ठेवा. न्हाई तर भैरोबाला नेतो, तिथं पुजारी हाय."

दवाखान्यात न बोललेलं माझं ते वाक्य अजून तोंडात होतं. चारचौघं जमली होती, ऐकायला साक्षीदारही होते. आप्पांचं तोंड पाहिलं. तो माणूस घाबरला होता, आणि मला त्याची कीव आली नाही. पण वाक्य बोललो असतो तर आप्पा अपमानाने जीपमध्ये बसले असते आणि गाडी भैरोबाकडे वळली असती, एवढं मला दिसत होतं. पाच फेऱ्यांना किती वेळ लागतो ते मी मोजलेलं होतं.

मी सुरेखाच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मिटले. ओठ हलवले. मला एकही मंत्र येत नाही, म्हणून एकोणतीसचा पाढा म्हटला. मग डोळे उघडून म्हणालो, "अर्धंच उतरतंय. उरलेलं दौंडच्या सुईशिवाय उतरायचं नाही. आणि तोवर माझा हात सुटला तर पुन्हा चढेल."

माझ्या तोंडून हे निघताना मला माझीच किळस आली. तसाच हात धरून जीपमध्ये चढलो. भाभी दारातून बघत होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि पुढे येऊन आप्पांना गंभीरपणे म्हणाल्या, "वाटंत कुठं थांबू नका, आप्पा. पिराला न्हाई, देवाला न्हाई. हात सुटंल."

"न्हाई थांबत," आप्पा म्हणाले.

फाटा गेला. भैरोबा गेला. आप्पांनी तिथे नुसती मान लववली. रस्त्यात खड्डे, माझा हात अवघडून गेला, पण आरशात आप्पांचे डोळे होते, म्हणून पाढाही पुटपुटतच राहिलो. काष्टीच्या बाजूची वाहनं ओलांडत जीप धावत होती. थोड्या वेळाने सुरेखा ओठ न हलवता म्हणाली,

"सर, एकोणतीसचा दोनदा झाला."

"गप्प बस. बोट हलवू नकोस."

"तीसचा म्हणा. सोपा आहे."

"सासरे बघतायत."

ती हसली. तिच्या हिरड्या मी नीट पाहिल्या. स्वच्छ होत्या. पुढे पाचव्या दिवशी ती आपल्या पायांनी घरी आली आणि मी कोणता पाढा म्हटला, हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाई त्याच होत्या. मी एका बाईच्या डोक्यावर हात ठेवून आत येताना पाहून त्या जागीच थांबल्या.

"हे काय चाललंय?"

"तुम्ही सुई लावा," मी म्हणालो, "मग मी हात काढतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती वर्षं मी आप्पांकडे अगदी त्याच नजरेने बघत आलो होतो. मी ती नजर तशीच घेतली. मागे आप्पा टोपी हातात धरून उभे होते.

"किती वाजता चावलं?"

सुरेखाने वेळ सांगितली. मी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि वजाबाकी केली. एक तास दहा मिनिटं.